दादाच्या पद्मिनीतला गारवा

जव्हारच्या माणसाला गाडीत एसी कशाला हवा, हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यात मला निदान दहा जणांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. आमच्या जव्हारला पालघरचं महाबळेश्वर म्हणतात (२०१४ पर्यंत ठाण्याचं म्हणत. जिल्हा बदलला, महाबळेश्वर तेच राहिलं). मुकणे राजांचं हे संस्थान उंचावर, झाडीत. आणि मी राहतो साखरशेतला, म्हणजे शहरी माणसाच्या दृष्टीने आणखीच थंड हवेच्या ठिकाणी. त्यातून गाडी कुठली, तर १९८६ ची प्रीमिअर पद्मिनी. भाचा म्हणाला, "मामा, एवढ्या पैशात एखाद्या नव्या गाडीचं डाउन पेमेंट झालं असतं." तेही खरं आहे.

पण मंडळी, एप्रिल-मे महिन्यात सकाळी आमच्याकडे येऊन बघा. इथे शेतकरी पावसाच्या आधी राब भाजतात. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण रोपांच्या जागेवर पसरून पेटवतात. त्या राखेत नाचणी, वरई, भाताची रोपं जोमाने येतात. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, आणि डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत शेती करणाऱ्याला मी पेन्शनीवर बसून नावं ठेवणार नाही. मात्र तो धूर सकाळी दरीत साचून राहतो आणि आमच्या हिला अकरा वर्षांपासून दमा आहे. दर दोन महिन्यांनी नाशिकला डॉक्टरांकडे जायचं असतं. जव्हारपासून नाशिक ऐंशी किलोमीटरच्या आसपास. मोखाड्यावरून, तोरंगणचा घाट चढून, त्र्यंबकमार्गे. काचा उघड्या ठेवाव्यात तर धूर आणि डांबरीकरणाची धूळ, लावून घ्याव्यात तर गाडीची भट्टी. तेव्हा एसी हवाच होता. आणि पद्मिनीत एसी होताच, फक्त वीसेक वर्षं मेलेला होता.

तो तिथे कसा आला ते पुढे सांगतो. निवृत्त इतिहासाचा मास्तर असल्यामुळे आधी थोडा मागे जातो. सवय जात नाही.

गाडी थंड करायची हौस माणसाला गाडीइतकीच जुनी असावी. आपल्याकडे वाळ्याचे पडदे ओले करून दारा-खिडक्यांना लावत. १९३४ साली मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटिअर मेलला थंड डबा जोडला गेला, तेव्हा डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या ठेवून त्यावरून हवा फिरवत आणि वाटेतल्या स्टेशनांवर विरघळलेल्या लाद्यांच्या जागी नव्या भरत. त्याच्या आदल्याच वर्षी कुलाब्याचं रीगल थिएटर उघडलं होतं, तेही वातानुकूलित. म्हणजे साहेब लोकांना पडद्यापुढे आणि रेल्वेत गारवा मिळू लागला होता. मोटारीत मात्र नव्हता, कारण यंत्र एवढं मोठं की ते ठेवायचं कुठे?

अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने ते पहिल्यांदा जमवलं. १९४० च्या मॉडेलला त्यांनी कारखान्यातच एसी बसवून द्यायला सुरुवात केली. किंमत २७४ डॉलर. थंड हवेची कॉइल डिकीत, कॉम्प्रेसर पुढे इंजिनाशी, आणि दोन्हींना जोडणाऱ्या लांबच लांब नळ्या. गंमत अशी की कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा! लोकांनी पाठ फिरवली, दोन वर्षांत प्रकरण गुंडाळलं गेलं, मग युद्ध आलं. पुन्हा सुरुवात झाली ती १९५३ मध्ये, आणि १९५४ साली नॅश कंपनीने सगळं यंत्र गाडीच्या पुढच्या भागात, बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमागे बसवून दाखवलं. आजच्या गाड्यांतली मांडणी साधारण तीच.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतीने १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन गाड्या जोडून बाहेर पडल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ पासून जी फियाट ११०० आपण पाहिली, तिचंच पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी असं नाव झालं. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, पुढे सलग सीट. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची आणि मिळाली की पेढे वाटायचे. एसी हा शब्द त्या यादीत नव्हताच. ज्याला हवा त्याने बाहेरून बसवून घ्यायचा. डॅशबोर्डखाली, शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्याला लागेल अशी एक काळी पेटी लटकवत. तिच्यात कूलिंग कॉइल आणि पंखा. रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर, इंजिनाच्या पुलीवर एक जादा पट्टा, कोपऱ्यात ड्रायरची बाटली. पुढे मुंबईत निळ्या रंगाच्या 'कूल कॅब' धावल्या, त्यांतही पद्मिनी होत्या. इंजिन बिचारं चाळीस-बेचाळीस घोड्यांचं. एसी लावला की त्यातले काही घोडे गारव्याच्या गाडीला जुंपले जात आणि चढावर उरलेल्यांचा फेस निघे.

आमच्या दादाने १९९१ च्या उन्हाळ्यात असाच एसी बसवून घेतला. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मुंबईत एका गिरणीच्या ऑफिसात हिशेबनीस होता. संप, टाळेबंदी सगळं पाहिलेला. गाडी त्याने पोटाला चिमटा काढून घेतली होती आणि एसी बसवला तो आईसाठी. आईलाही दमा होता. ती वर्षातले सहा महिने माझ्याकडे, सहा त्याच्याकडे असायची, आणि मुंबईच्या प्रवासात महामार्गावरच्या ट्रकच्या धुराने मनोरच्या पुढे तिचा जीव घाबरा व्हायचा. दादाने हिशेब केला आणि पेटी बसवली. हौस म्हणून नव्हे, हे मला तेव्हाही माहीत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं सांगताना 'मला कुठे ठाऊक होतं' अशी सबब मला घ्यायची नाही.

१९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली. आमच्याच तालुक्यातल्या या गावांची नावं तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत आली. मी शिक्षक. शाळेत येणाऱ्या पोरांचे दंड माझ्या दोन बोटांत मावत असत. हजेरी घेताना एखादं नाव आलं की वर्ग गप्प होई. त्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. अशात दिवाळीच्या सुमाराला दादा आईला न्यायला आला. काचा लावलेली गाडी अंगणात उभी राहिली आणि इंजिन चालू ठेवून तो म्हणाला, "आईला लगेच बसव, आत गार झालंय." मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "इथे पोरं मरतायत आणि तू गारवा मिरवत आलास. ही गाडी पुन्हा या अंगणात आणू नकोस."

त्याने नाही आणली. आई त्या गाडीतून गेली आणि पुन्हा साखरशेतला आली नाही. १९९४ मध्ये ती मुंबईत गेली. दादा आणि मी नंतर बोलायला लागलो, लग्नाकार्यात भेटलो, पण तो इकडे यायचा तो एसटीने. बसस्टँडवर घ्यायला गेलो की म्हणायचा, "लाल डब्यात वारा चांगला लागतो." बाकी काही नाही. २०१९ मध्ये तो गेला. पुढच्या वर्षी वहिनींनी गाडी माझ्याकडे पाठवली. "विकवत नाही भाऊजी, आणि भंगारात घालवत नाही," म्हणाल्या. तर अशी ती पेटी पुन्हा माझ्या अंगणात आली. असो.

आता त्या पेटीतल्या गॅसविषयी. कारण या सगळ्या इतिहासाचा जीव त्या गॅसमध्येच आहे.

सुरुवातीच्या काळात थंड करणारी यंत्रं अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड अशा वायूंवर चालत. नळी फुटली की माणूस दगावायचा. अमेरिकेत थॉमस मिजली नावाच्या माणसाने १९२८ च्या सुमाराला यावर तोड काढली. क्लोरीन, फ्लोरीन आणि कार्बन यांचा असा वायू की जो विषारी नाही, पेट घेत नाही. १९३० साली शास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो स्वतः छातीत ओढून घेतला आणि सोडलेल्या श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. एका फुंकरीत दोन्ही गोष्टी सिद्ध! हाच तो आर-१२. उणे तीस अंशांच्या आसपास तो उकळतो. दाबाखाली द्रव करायचा, बारीक भोकातून कॉइलमध्ये सोडायचा, तिथे तो उकळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, ती पुढे कंडेन्सरमध्ये नेऊन टाकतो. माठातलं पाणी पाझरून गार होतं त्यातलंच तत्त्व, फक्त इथे तेच 'पाणी' पुन्हा पुन्हा वापरायचं.

या मिजलीची आणखी एक करामत म्हणजे पेट्रोलमध्ये शिसं. इंजिनाची ठोक बंद व्हावी म्हणून त्याने ते १९२१ मध्ये शोधलं. भारतात शिशाचं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं. म्हणजे दादाची पद्मिनी ज्या काळात धावत होती तेव्हा तिच्या टाकीतही मिजली आणि पेटीतही मिजली. माणूस वाईट नव्हता. पोलिओने अंथरुणाला खिळल्यावर स्वतःला उठवण्यासाठी त्याने दोऱ्या-पुल्यांचं एक साधन बनवलं आणि १९४४ मध्ये त्यातच गळा आवळून त्याचा मृत्यू झाला. वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास गप्प होत.

आपल्याकडे आर-१२ मफतलालांच्या कारखान्यात 'मॅफ्रॉन' नावाने बनत असे. दादाच्या गाडीत तोच भरलेला होता. १९९१ साली त्यात गैर काही नव्हतं, पण जग तोवर सावध झालेलं होतं. १९७४ मध्येच मोलिना आणि रोलंड यांनी लिहून ठेवलं होतं की हे वायू न बिघडता वर जातात, तिथे सूर्यकिरणांनी फुटतात आणि सुटलेला क्लोरीन ओझोन खात सुटतो. त्यांना नोबेल मिळालं ते १९९५ ला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ब्रिटिश संशोधकांनी ओझोन विरळ झाल्याचं मोजून दाखवलं आणि १९८७ च्या सप्टेंबरात माँट्रिअलचा करार झाला. भारताने लगेच सही केली नाही. वायू तुम्ही उधळले, आता बदलाचा खर्च आम्ही का सोसायचा, असं आपलं म्हणणं. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत मनेका गांधींनी ते ठणकावून मांडलं. गरीब देशांसाठी निधी ठरला आणि १९९२ साली भारत करारात आला.

१९९२. मी अंगणात दादाला बोललो तेच वर्ष. मला तेव्हा ओझोनचं काही ठाऊक नव्हतं, नाहीतर तेही त्याच्या डोक्यावर मारलं असतं.

पुढे भारताने हे वायू बनवणं ऑगस्ट २००८ मध्येच थांबवलं, ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी. एक सवलत मात्र ठेवली होती, ती दम्याच्या पंपांना. हो! दम्याचा जो पंप आपण तोंडात धरून दाबतो, त्यात औषध बाहेर ढकलायला हेच वायू असत. आईला शेवटी शेवटी डॉक्टरांनी असा पंप दिला होता. तिच्या छातीत मिजलीचा वायू आणि गाडीच्या पेटीतही त्याच घराण्यातला. हे मला कळलं ते गेल्या वर्षी, आणि कळल्यावर त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही.

आता दुरुस्तीकडे वळतो. पहिला प्रयत्न फसला. २०२२ मध्ये एका शहरातल्या (नाव नको) मेकॅनिकने "काही नाही हो, गॅस संपलाय" म्हणत अर्ध्या तासात नवा गॅस भरून दिला. नवा म्हणजे आर-१३४ए. यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला धोका नाही. तीन आठवडे झकास गारवा. चौथ्या आठवड्यात, ऐन मे महिन्यात, तोरंगणच्या घाटात पट्टा किंचाळायला लागला, जळका वास आला आणि कॉम्प्रेसर जाम झाला. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरवण्याची किमया कुणीतरी केलेली होती, त्यामुळे गाडीच थांबली. खाली दरीत राब पेटलेले. हिला धाप लागली. पंप दोनदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला. सावलीला बसवून पाठ चोळत होतो आणि ही मलाच धीर देत होती, "अहो, होईल, होईल." त्र्यंबकला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने गाडी थांबवून आम्हाला घेतलं, पुढच्या सीटवरची दोन माणसं आपणहून उठली. नाशिकला दोन दिवस ऑक्सिजनवर काढावे लागले. लाल डब्याने दुसऱ्यांदा माझ्या घराची लाज राखली.

पद्मिनी टोचून नाशिकलाच नेली. तिथे एक उस्ताद भेटले. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात, वयाने माझ्याएवढेच. त्यांनी कॉम्प्रेसर उघडला आणि बोट फिरवून दाखवलं. "गुरुजी, तेल कुठाय? कोरडा ठणठणीत." मग त्यांनी मला जे शिकवलं ते इतक्या सोप्या शब्दांत की मला माझ्या शिकवण्याची शंका आली. कॉम्प्रेसरला तेल लागतं आणि ते तेल गॅसबरोबर फिरून परत येतं. आर-१२ बरोबर साधं खनिज तेल चालायचं, ते त्यात विरघळायचं. नवा गॅस त्या तेलाला ओळखतच नाही. तेल कॉइलमध्ये पडून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा मरतो. गॅस बदलला तर तेलही बदलावं लागतं. "जुन्या घरात नवी सून आणली तर तिच्या हाताचं खायची तयारी पाहिजे," उस्ताद म्हणाले.

काम सव्वा महिना चाललं. कॉम्प्रेसर पाच सिलिंडरचाच, पण दुरुस्त केलेला दुसरा मिळाला. जुन्याचा चुरा सगळ्या नळ्यांत गेला होता. कूलिंग कॉइल धुऊन निघाली, कंडेन्सर मात्र टाकावा लागला. त्याच्या जागी एका छोट्या मारुतीचा, चपट्या नळ्यांचा बसवला, कारण नव्या गॅसला दाब जास्त आणि त्याची उष्णता काढायला पृष्ठभागही जास्त लागतो. जुन्या रबरी नळ्यांतून नव्या गॅसचे बारीक कण झिरपतात, म्हणून आतून अस्तर असलेल्या नळ्या आल्या. काळ्या ओ-रिंग गेल्या, हिरव्या आल्या. ड्रायर बॉटल नवी. पुढे एक विजेचा पंखा, आणि दाब फार वाढला तर कॉम्प्रेसर आपोआप बंद करणारा स्विच. पाण्याच्या पंपाला त्याचा स्वतःचा पट्टा परत मिळाला, हे मी दोनदा वाकून बघितलं.

मग नायट्रोजन भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावला. एका सांध्यावर बुडबुडा आला. तो सांधा पुन्हा केला. मग व्हॅक्यूम पंप पाऊण तास लावून ठेवला. हवा काढायची हे मला माहीत होतं, पण खरा शत्रू पाणी. व्हॅक्यूममध्ये नळीत राहिलेला ओलावा नेहमीच्या हवेतच उकळून बाहेर निघतो. नाहीतर तोच बारीक भोकाशी बर्फ होऊन बसतो. शेवटी गॅस. जुना आठशे ग्रॅम लागला असता, नवा ६८० घातला. वजनकाट्यावर मोजून, सोनारासारखा. पेटीच्या जाळीत थर्मामीटर खोचला. एकतीसवरून पारा उतरत उतरत नऊवर थांबला. उस्तादांनी गेज काढले आणि चहा सांगितला.

खर्च एकतीस हजार. भाच्याला आकडा सांगितला नव्हता, आता इथे वाचेल. सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी द्यायचा नियम केला आहे. आमच्या गाडीला तो मान मिळायला २०३६ उजाडेल. तोवर ती नुसती जुनी. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून हद्दपार झाल्या, तेव्हा दूरदर्शनवर ती बातमी बघत आम्ही दोघं चहा घेत होतो आणि आमची बाहेर फणसाखाली उभी होती.

आणि ओझोनचं मिटलं म्हणून हा नवा गॅस निर्दोष आहे असं नाही. वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट जबर. २०१६ मध्ये किगालीला त्याच्याही उतरत्या वाटेचा करार झाला, भारताने २०२१ मध्ये तो मान्य केला. आपली कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे. युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत तो घालताच येत नाही. उस्तादांना विचारलं, पुढे काय? ते म्हणाले, "गुरुजी, तुमची गाडी आणि मी, दोघांना हा पुरेल."

हिच्या पंपावरचा बारीक मजकूर मी भिंग लावून वाचला, तेव्हा औषधाच्या नावाखाली वायूचा उल्लेख सापडला. एचएफए-१३४ए. म्हणजे तोच. गाडीच्या पेटीत जो आहे तोच. फार्मसीवाल्याकडून खात्री करून घेतली. डॉक्टरांना सांगितलं तर हसले आणि पावडरचा, वायू नसलेला हेलरही असतो म्हणाले. तो तिने वापरून पाहिला, पण दम लागलेला असताना तिला जोरात ओढता येत नाही. म्हणून पंपच राहिला.

या एप्रिलमध्ये आम्ही पद्मिनीतून नाशिकला तीनदा गेलो. तोरंगणचा चढ आला की मी एसी बंद करतो, वर पोचलो की चालू. त्या पेटीचं एक बटण दादाच्याच काळात तुटलेलं आहे आणि त्याने तिथे शर्टाचं मोठं पांढरं बटण चिकटवलेलं आहे. उस्ताद नवं बसवत होते, मी नको म्हटलं. गेल्या खेपेला परत येताना मोखाड्याच्या अलीकडे वळवाचा शिंतोडा पडून गेला होता. धूर बसला होता. हिने ते शर्टाचं बटण डावीकडे फिरवलं आणि काच खाली केली.